आडोसा

डांबराचा तो ठिपका पुन्हा वर आला. मसुराएवढा. मागे कुठेतरी नवं डांबर टाकलं होतं, तिथे पुढच्या टायरला चिकटला असावा. चढावर चाक इतकं हळू फिरत होतं की तो सावकाश वर यायचा, ब्रेकच्या दोन रबरांमधून निसटायचा, खाली जायचा — आणि पुन्हा वर. मोजायचं नाही असं त्याने ठरवलं होतं आणि तो मोजत होता. छत्तीस. सदतीस. चढ आहे तोवर बरं आहे, कारण चढावर सगळ्यांनाच पायडल मारावं लागतं आणि पायडल फिरत असलं की सायकल गप्प असते. खरा प्रश्न उताराचा. उतारावर मागून येणारी पाय थांबवणार, आणि मग तिच्या मागच्या चाकातून ती टर्रर्र सुरू होणार... दादाची.

म्हणजे दादाच्या सायकलची. सायकल आता ठकू चालवत होती — दादाची मुलगी, याची एकुलती एक पुतणी, नुकतीच एकोणीस पूर्ण. नवी घेऊन देतो म्हणून त्याने हजारदा सांगितलं, पण पोरगी बापावर गेलेली, ऐकेल तर शपथ. 'बाबांची आहे ना, मग तीच.' पुढचं चाक आणि ते धरणारा चिमटा बदलून घेतला, दोन्ही तशीही उपयोगाची राहिली नव्हती. मागचं चाक मात्र तेच. आणि दादाच्या मागच्या चाकाचा आवाज काय साधा होता? शंभर सायकलींत ओळखू यावा असा, दाणे भरडल्यासारखा, खणखणीत. दादाला त्याचा कोण अभिमान! घंटी कशाला हवी म्हणायचा, मी येतोय हे गावाला आधीच कळतं.

चढ संपला. पंचेचाळीस आणि काहीतरी, मोजणं सुटलंच. सायकल पुढे कलली, वारा कानात शिरला, आणि मागून...

टर्रर्र.

मान वळवायची नाही. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर, याच दिवशी हाच आवाज असाच त्याच्या पाठीला चिकटून येत होता. एकशे चाळीस किलोमीटर, मैदानापासून धरणापर्यंत आणि परत. दर वर्षी कुठल्या तरी चांगल्या कामासाठी वर्गणी जमा करायची आणि सायकल हाणायची. त्या वर्षी कशासाठी होतं ते त्याला आठवतही नाही. गेल्या वर्षापासून मात्र ते डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डासाठी असतं, कारण त्याच वॉर्डात दादा अकरा दिवस पडून होता, आणि वहिनींनी आयोजकांच्या डोक्यावर बसून ते ठरवून घेतलं. गेल्या वर्षी तो आला नव्हता. ताप आला होता. म्हणजे त्याने तसं सांगितलं होतं.

'खडी!' तो ओरडला आणि उजवा हात खाली नेऊन बोटाने दाखवलं. मागे ठकूने सायकल किंचित बाजूला घेतल्याचं त्याला आवाजावरून कळलं.

लांबच्या पल्ल्याला दोघं निघाले की हे असंच असतं. पुढच्याने वारा छातीवर घ्यायचा, मागच्याने हातभर अंतरावर त्याच्या आडोशाला राहायचं. दमणूक निम्मी होते. पण आडोशाला राहणाऱ्याला रस्ता दिसत नाही, त्याला दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. म्हणून रस्ता पुढच्याने बघायचा. खड्डा, काच, खडी, मेलेलं कुत्रं, जे असेल ते हात खाली करून दाखवायचं. एवढंच. लेकरालाही कळेल असं काम. तो तर ते दुकानातल्या कामासारखंच करायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत एकवीस वर्षं तो चष्म्याच्या काचा घासत आला होता. चाकावर पाणी ठिबकतंय, काच फिरतेय, मग ती पुसून दिव्यासमोर तिरकी धरायची आणि केसाएवढा ओरखडा असला तरी बाजूला टाकायची. पुढे काउंटरवर दादा. गिऱ्हाइकाला हसवत, थट्टामस्करी करत, नाकावर फ्रेम बसवणारा दादा. आत येऊन बाद केलेल्या काचा बघायचा आणि म्हणायचा, 'अरे बाबा, हा ओरखडा तुला आणि देवाला सोडून कुणाला दिसणार आहे?'

'काच!' त्याने हात दाखवला. काच नव्हती, ओल होती. असू दे.

धरणाजवळच्या पाण्याच्या टेबलाशी वहिनी उभ्या होत्या, स्वयंसेवकांचा पिवळा ॲप्रन घालून. केळी सोलून हातात देत होत्या, मीठ घातलेलं पाणी ओतत होत्या, ओळखीच्या अनोळखीच्या सगळ्यांना 'खा हो, लाजताय काय' म्हणून दटावत होत्या. दादा गेल्यावर महिन्याभरात काउंटरवर येऊन बसलेली ही बाई. त्याने त्यांना रडताना दोनदाच पाहिलं होतं.

'आलात का! बसा आधी,' त्या म्हणाल्या. 'भाऊजी, चेहरा काय झालाय तुमचा. उन्हात वाळत घातल्यासारखा.'

'चढ होता,' तो म्हणाला.

'चढ कसला आई, हात दाखवून दाखवून दमलाय तो!' ठकू हेल्मेट काढत हसली. तिचे केस कपाळाला चिकटले होते. 'काका, तू सावलीसुद्धा दाखवतोस रे. झाडाची सावली! कागद दाखवतोस, पान दाखवतोस. मला काय डोळे नाहीत? बास की आता तुझं हात दाखवणं.'

त्याच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

बास की आता तुझं हात दाखवणं. हेच. शब्द न् शब्द हेच. त्या दिवशी परतीच्या वाटेवर, दहा-बारा ओळखीचे चेहरे आजूबाजूला असताना दादा मागून ओरडला होता — आणि हसला होता, सगळे हसले होते — 'बास की आता तुझं हात दाखवणं! चष्मेवाल्याचा भाऊ आहे मी, आंधळा नाही. पुन्हा हात खाली केलास ना, तर तुझ्या पुढे निघून जाईन.' काय वाईट होतं त्यात? काहीच नाही. जन्मभर दादा असंच बोलत आला होता आणि जन्मभर हा मान खाली घालून हसत आला होता. पण त्या दिवशी, का कोण जाणे, कान तापले. बरं, त्याने मनात म्हटलं, नाही दाखवत. आणि दोन किलोमीटर त्याने काहीही दाखवलं नाही...

'त्यांची थट्टा नको करूस,' वहिनी लेकीला म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडे न बघता, पेले रचत, 'लोक मला विचारतात ना, भाऊजी पुढे होते, त्यांना गटारावरची जाळी दिसली कशी नाही? मी त्यांना सांगते, अहो, रस्त्यात कागद पडला तरी दाखवणारा माणूस तो. त्याला दिसली असती तर त्याने दाखवली नसती का? दिसली नाही म्हणूनच ना? संपलं.' त्यांनी पेला आपटल्यासारखा ठेवला. 'तोंड बंद होतं एकेकाचं.'

त्याने एक पेला उचलला. घोटभर प्यायला, आणि पाणी खारट होतं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यानेच त्यांना ते वाक्य दिलं होतं. 'वहिनी, मला दिसलंच नाही हो.' पहिल्या तासातच. कुणी विचारलंही नव्हतं. आणि त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, त्याच्यापेक्षा वर्षाने लहान असून.

'आता मी पुढे,' ठकू म्हणाली. 'तू आडोशाला ये. जरा आराम कर म्हाताऱ्या.'

'नको. वारा समोरून आहे.'

'म्हणूनच तर!' आणि पोरगी निघालीसुद्धा.

मागे राहायला तो कधी शिकलाच नव्हता. दादाला आडोसा लागायचा, म्हणून हा कायम पुढे. आता समोर ठकूची पाठ, निळी, घामाने मध्ये गडद झालेली, आणि बस्स. रस्ता म्हणून काही नाहीच. दोन्ही बाजूंनी काळी पट्टी सरकतेय, आणि मध्ये जिथे आपलं चाक जाणार तिथे तिचं चाक. कुठल्याही क्षणी त्या चाकाखालून काहीही निघेल. दादा वीस वर्षं असा आला? या पाठीवर भरवसा टाकून, गाणी म्हणत, टवाळक्या करत? त्याची बोटं ब्रेकवर घट्ट झाली. मागे काहीच नव्हतं आता, ती टर्रर्र पुढून येत होती, समोरून, आणि तरी मानेवरचे केस उभे राहायचे थांबेनात. मागे कुणी नाही हे कळूनही त्याने दोनदा मागे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा स्वतःचाच राग आला.

ती जागा येऊन गेली. त्याला वाटलं होतं ओळखू येणार नाही, पण आली. रस्त्याकडेच्या गटारावर जाळी, तिचे गज आडवे बसवायच्या ऐवजी कुणी तरी उभे बसवलेले, चाकाच्या दिशेने, चाक नेमकं आत जाईल असे, आणि दादाचं गेलेलं. आता तिथे सिमेंटचं झाकण होतं. ठकूने मान वळवून झाकणाकडे पाहिलं, छातीशी हात नेला, आणि पायडल मारत राहिली. त्याने पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

पाच-सहा किलोमीटर झाले असतील. अचानक दण्ण! हँडल हातातून उसळलं, दात दातांवर आपटले, सायकल डावीकडे, उजवीकडे... आणि सावरली. खड्डा होता, टोपलीएवढा. तिने चाक जरा वळवून तो चुकवला होता. हात दाखवला नव्हता.

'काका! लागलं का रे?' ती मागे बघत ओरडली.

'नाही.' मग त्याच्या तोंडून निघून गेलं, 'दिसला नाही का तुला?'

'दिसला होता रे! हात काढायचाच कंटाळा आला. इतकी दमलेय ना... सॉरी, सॉरी! चुकलं माझं!'

आणि ती पुन्हा पुढे बघायला लागली.

इतकंच? इतकं सोपं असतं ते? दोन वर्षं जे वाक्य त्याने दाताखाली धरून ठेवलं होतं, ज्याच्यापायी झोप उडाली, गेल्या वर्षीचा ताप आला, ते या पोरीने एका दमात वाऱ्यावर सोडून दिलं. दिसला होता, कंटाळा आला, चुकलं. त्याला एकदम हसू आलं. खरंच आलं. म्हणजे आपलंही तसंच की! शंभरावर किलोमीटर झाले होते, पाठ भरून आली होती, मन रुसलेलं होतं आणि हात निघाला नाही. माणूस आहे, दमतो. माणसाचा हात नाही निघत कधीकधी. अरे, यात पाप कुठलं? एक किलोमीटरभर तो असा गेला की जणू कुणी नवे पाय बसवून दिले होते. सांगायचं. आजच सांगायचं वहिनींना, मैदानावर पोचलो की लगेच, हसत नाही पण सरळ, ठकूसारखं — दिसली होती, वहिनी, हात निघाला नाही.

हात निघाला नाही...

खोड म्हणा, एकवीस वर्षांची सवय म्हणा. काच चांगली दिसली तरी ती दिव्यासमोर तिरकी धरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने ते वाक्यही धरलं. आणि ओरडावंसं वाटेल इतकं स्पष्ट त्याला दिसलं: हात निघाला होता. उजव्या हाताची दोन बोटं हँडलवरून उचलली गेली होती, हात कमरेखाली निम्मा गेला होता, सवयीने, आपोआप. आणि त्याने तो परत आणून हँडलवर ठेवला. आणि ठेवताना मनात एक वाक्य होतं. दोन वर्षांत ते एकदाही वर आलं नव्हतं, आता मात्र कुणी कानात बोलावं तसं आलं: कळू दे त्याला एकदा.

पडू दे नाही. मरू दे तर नाहीच, देवाशपथ नाही. हादरा बसू दे, दात आपटू देत, पुन्हा हसायचं नाही... एवढंच. एवढंच होतं का?

'काका, आहेस ना मागे?' ठकूने विचारलं.

'आहे.'

'गप्प का?'

'तू चल. रस्ता बघ.'

त्याला हवं होतं की तिने थांबावं आणि नको होतं की तिने थांबावं. तो तिच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चालवत राहिला. मैदान अठरा किलोमीटरवर होतं. तिथे टेबलं मांडलेली असतील, वहिनी गाडीने आधीच पोचलेल्या असतील, आणि तो सांगेल. सगळं सांगेल, बोटांसकट, त्या वाक्यासकट. आणि वहिनी काय म्हणतील ते त्याला आताच ऐकू येत होतं, त्यांच्याच आवाजात, पेले रचता रचता: 'काहीतरीच काय भाऊजी. दोन वर्षं स्वतःला खाताय नुसते. तुम्ही कागद दाखवणारे... बसा, ऊन लागलंय तुम्हाला.' आणि डोक्यावरून हात फिरवतील.

आजवर त्याला भीती होती ती त्यांना कळेल याची. सांगूनही कुणाला पटणार नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. समोर उतार लागला, ठकूचे पाय थांबले, दादाची टर्रर्र सुरू झाली, आणि त्याने तिच्या पाठीवर नजर ठेवून, आपली सायकल गप्प ठेवत, पायडल मारणं चालूच ठेवलं.