घोरणारं प्रेत

सूड घ्यायचा तर खोटं बोलावं लागतं, असा एक गैरसमज आहे. आमच्या एका प्रॉम्प्टरने आपला सूड शब्दन्‌शब्द खरं बोलून घेतला.

हौशी नाटकमंडळीत विंगेतल्या स्टुलावर बसून तो नटांना विसरलेली वाक्यं पुरवायचा. ते स्टूल म्हणजे त्याचं सिंहासन. नायक त्याचाच साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मानाने थोरला. घरी पहिलं ताट त्याचं आणि नाटकात शेवटचं मरणही त्याचंच. मेल्यावर पुढचा अख्खा प्रवेश तो निपचित पडून राहायचा आणि बायको झालेली नटी उशाशी बसून ऐसपैस शोक करायची.

प्रॉम्प्टरला गवताची ॲलर्जी. नाट्यगृहामागे माळ होता. गवताला तुरे आले की याच्या नाकाडोळ्यांना धारा लागायच्या. गेल्या साली नेमक्या त्याच दिवसांत नायकाने विंगेतली खिडकी सताड उघडायला लावली. म्हणे, "हवा खेळली की माझा आवाज खुलतो." आवाजाचं ठाऊक नाही, प्रॉम्प्टरचं नाक मात्र खुललं. नायकाने "येतो मी..." म्हणून प्राण सोडला आणि विंगेत शिंकांची माळ लागली. नुसती माशी शिंकली तरी काम बिघडतं, इथे तर चांगला थोराड माणूस शिंकत होता. प्रेक्षक हसून लोळले. प्रेतही हललं.

पडदा पडताच नायकाने सगळ्यांदेखत सुनावलं, "शिंक म्हणजे मनाची कमजोरी! मला कशी येत नाही? बाई, आता एक तर विंगेत हे राहतील, नाहीतर रंगमंचावर मी."

दिग्दर्शिकाबाईंनी नायक ठेवला. स्टूल गेलं.

प्रॉम्प्टर घरी आला आणि स्वतःच्या नाकाच्या हात धुऊन मागे लागला. डॉक्टर गाठला. पुढल्या वर्षी तुरे येण्याच्या बरंच आधीपासून नाकातला स्प्रे रोज, न चुकता. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं. कपडे घरातच वाळत, खिडक्या बंद, बाहेरून आलं की आधी आंघोळ. बायको म्हणाली, "एवढी काळजी माझी केली असतीत तर!" तो म्हणाला, "तुझ्यामुळे स्टूल गेलं नव्हतं."

आणि गवताला तुरे आले तेव्हा एका संध्याकाळी मागच्या दाराशी थोरले साडूभाऊ उभे. डोळे लाल, नाकाचा टोमॅटो.

"घरात कुणी नाही ना?"

"मी आहे."

"तुम्हाला सोडून हो! मला जरा... आं... आक्छी! थंडी बाधलीय."

"असेल. मनाला बाधली असेल."

"टोमणे नंतर मारा. परवा प्रयोग आहे. मेल्यावर शिंक आली तर तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही काय घेता ते सांगा."

देवाला डोळे असतात असं म्हणतात. त्याला नाकही आहे हे त्या दिवशी प्रॉम्प्टरला कळलं. साडूभाऊंना तो पुरता ओळखून होता. विंगेतून वाक्य दिलं की हा गृहस्थ हटकून दुसरंच म्हणणार. धाकट्याचं ऐकणं त्याच्या रक्तातच नव्हतं. म्हणून प्रॉम्प्टरने मास्तरांसारखं बोट उगारलं.

"नीट ऐका. आधी डॉक्टरला दाखवा. स्प्रे रोज मारायचा, गुण यायला दिवस लागतात, धीर धरायचा. आणि ॲलर्जीची ती जुनी, झोप आणणारी गोळी प्रयोगाआधी अजिबात घ्यायची नाही. मेल्यासारखे झोपाल."

"पण शिंक थांबते ना तिने?"

"थांबते. पण तुम्ही घ्यायची नाही. मी सांगतोय म्हणून."

नायकाचा चेहरा उजळला. "मला शिकवू नका," असं म्हणून तो थेट औषधाच्या दुकानाकडे चालू लागला.

प्रयोगाला प्रॉम्प्टर तिकीट काढून पहिल्या रांगेत बसला. नायक सुरेख मेला, एकही शिंक नाही. नटीने हंबरडा फोडला, "बोला ना! एकदा तरी बोला!" आणि प्रेताने उत्तर दिलं. आधी बारीक शिटी, मग लाकूड कापल्यासारखी घरघर. नटीने चिमटे काढले. प्रेत कुशीवर वळलं.

बाई बाजूच्या दाराने वाकून पहिल्या रांगेत आल्या. "शिंका हो! तुमच्या एका शिंकेने मेलेला उठतो! पाया पडते!"

प्रॉम्प्टरने डोळे मिटून मनापासून प्रयत्न केला. नाक ठणठणीत कोरडं.

"नाही येत, बाई," तो हळहळून म्हणाला. "मनाची कमजोरी गेली."

दुसऱ्या दिवशी बाईंनीच स्टूल पुसून विंगेत ठेवलं आणि खिडकीला खिळा ठोकला. "विंगेत एक तरी जागा माणूस हवा," एवढंच त्या म्हणाल्या. नायकाने छताकडे पाहिलं.

आता रोज तालमीआधी थोरले साडूभाऊ त्या स्टुलापुढे वाकून उभे राहतात. "मान खाली. नळी बाहेरच्या बाजूला. जोरात ओढू नका," प्रॉम्प्टर सांगतो आणि ते निमूटपणे स्प्रे मारतात. प्रयोगात ते मरतात, नटी हंबरडा फोडते, सभागृह मुसमुसतं. तेवढ्यात विंगेतून फक्त प्रेतालाच ऐकू जाईल अशी कुजबुज येते,

"साडूभाऊ, जागे आहात ना?"

प्रेत पायाचा अंगठा हलवून हजेरी लावतं.