पेल्यावरचं नाव

लातूरच्या गीतांजलीनं आजवर काचेवर नावं कोरली ती बहुतेक दारावरच्या पाट्यांसाठी, नाहीतर बक्षिसाच्या ढालींसाठी. मल्लम्मा मात्र किल्लारीकडच्या आपल्या गावाहून फडक्यात गुंडाळून पाणी प्यायचा साधा पेला घेऊन आली. भूकंपात घर बसलं, धाकटी बहीण नागाबाई गेली. ढिगाऱ्यातून तिचा हा पेला तेवढा अख्खा निघाला होता.

"तिचं नाव घाल ह्याच्यावर," मल्लम्मा म्हणाली. "माझ्यामागं कुणाला ठावं, कुणाचा हाय ते?"

गीतांजलीनं पेला उजेडात धरून फिरवला, नखानं वाजवला. आवाज खणखणीत होता, कुठं चीर दिसेना. तरी ती म्हणाली, "मावशी, जुनी काच हाय. भरवसा देत न्हाई मी."

"घर अंगावर पडलं तवा न्हाई फुटला."

तांब्याचं बारकं चाक फिरू लागलं. त्याच्या कडेला तेलात कालवलेली कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड लावून गीतांजलीनं पेला खालून टेकवला. 'ना' उमटला. 'गा' उमटला. मल्लम्मा वाकून बघत होती. 'बा'चा काना उतरत असतानाच टक् झालं.

मुठीत नुसत्या काचा होत्या. चाक फिरतच होतं. पेडलवरचा पाय काढायचंही गीतांजलीला सुचेना. तळहातातून रक्त मनगटावर आलं, तेही तिला कळलं नाही. ती मल्लम्माकडं बघत राहिली आणि मल्लम्मा काचांकडं.

"मावशी, मी..."

"अशीच गेली ती," मल्लम्मा हळूच म्हणाली. "मी हाका मारीत होते. तिकडून हूं का चूं न्हाई."

मग तिला रक्त दिसलं. "अगं माय!" म्हणत तिनं पेल्याचं फडकं गीतांजलीच्या हाताला करकचून बांधलं, चाकाच्या मोटरची पिन भिंतीवरच्या बोर्डातून उपसली. काचांतून पेल्याचं जाड बूड उचलून धरलं. ते शाबूत होतं.

"ह्याच्यावर घाल."

"न्हाई मावशी! पुन्हा न्हाई. ह्या कापल्या हातानं आज तर न्हाईच."

"मग थांबते मी."

खरंच थांबली. गीतांजलीच्याच घरी जेवली, निजली. सकाळी त्या वाटोळ्या बुडावर चारही अक्षरं उमटली, तरी गीतांजली श्वास रोखून तशीच बसलेली. मल्लम्मानं तिच्या बोटांतून बूड अलगद सोडवून घेतलं.

"झालं, लेकी," ती म्हणाली. "झालं आता."