विंगेतला शब्द

विजयसिंहकाकाला भर रंगमंचावर तोंडघशी पाडायचं, हे मी पाच वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. राग गिळून टाक, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी गिळला नाही, जपून ठेवला.

माझे अब्बा, गौसभाई, कोल्हापुरातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे प्रमुख नट. राजाला दरीत ढकलून त्याच्या गादीवर बसणाऱ्या सेनापतीचं एक जुनं शोकनाट्य आहे. त्यातला सेनापती म्हणजे अब्बाच. विजयसिंह त्यांचा चेला. विंगेत संहिता घेऊन बसायचा, नट अडला की शब्द द्यायचा. एका प्रयोगात अब्बा शेवटच्या अंकात अडले. त्यांनी विंगेकडे पाहिलं. विजयसिंहानं संहितेत मान घातली आणि ओठ हलवले नाहीत. समोरच्या विंगेतून मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शिट्ट्या पडल्या, पडदा पाडावा लागला. पुढच्या प्रयोगाला सेनापती कोण, तर विजयसिंह. "गौसभाईंचं आता वय झालं," असं तोच गावभर सांगत फिरला. अब्बा पुन्हा रंगमंचावर चढले नाहीत.

आणि मी प्रॉम्प्टर झाले. गोड बोलून, चहा पाजून, काका काका करून ती खुर्ची मिळवली.

यंदा स्पर्धेला तेच नाटक होतं, प्राथमिक फेरी जयसिंगपूरला. जागा मी आधीच हेरली होती. राज्याभिषेकाच्या प्रवेशात मेलेल्या राजाची आंधळी आई सेनापतीच्या कपाळावर हात ठेवते आणि विचारते, "माझं लेकरू कुठं आहे?" त्यावर सेनापतीचं लांबलचक खोटं उत्तर आहे. तालमीत काका तिथं हमखास गडबडायचा. त्याचा सगळा जोर खुनाच्या प्रवेशावर; आरोळ्या मारायच्या, डोळे वटारायचे.

आईचं काम करणाऱ्या आमच्या जुन्या नटीनं, झुंबरबाईंनी, प्रश्न विचारला. काकाचा शब्द गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ओळीवर बोट ठेवून गप्प बसले. त्याला घाम फुटला, ओठ थरथरायला लागले. झुंबरबाईंनी सांभाळून घेत प्रश्न पुन्हा विचारला. मी मनातल्या मनात नाचत होते. आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं!

परीक्षक म्हणाले, "ती शांतता म्हणजेच हे नाटक." आम्ही अंतिम फेरीत गेलो. काका ज्याला त्याला सांगायला लागला, "मुद्दामच थांबलोतो की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन अब्बांना सगळं सांगून टाकलं. ते आधी हसले, मग त्यांनी मला समोर बसवलं.

"चुकीची जागा धरलीस गं," ते म्हणाले. "खून काय, कुणीबी करतंय. खरा प्रवेश त्यो हाय. आई लेकराचं इचारती आन् ह्याच्याकडं जाब न्हाय. गादी मिळाली, पर तोंड गेलं. मीबी तिथं गप्पच ऱ्हायचो. झटक्यात बोलला की नुसता लबाड माणूस उरतोय, नाटक संपलं."

इतक्या तालमी बघून मला हे कळलं नव्हतं. सुडाच्या नादात मी अब्बांचा अभिनय काकाच्या ताटात आयता वाढला होता. रडू आलं मला. पण आता कळलं होतं ना.

अंतिम फेरी कोल्हापुरात होती. रंग लावता लावता काका जवळ आला. "शबनम, त्या जागंला तोंड उघडायचं न्हाय. मी थांबणार हाय."

"व्हय काका," मी म्हणाले.

प्रवेश आला. झुंबरबाईंनी कपाळावर हात ठेवला, प्रश्न विचारला. काका थांबला. लोक श्वास रोखून बसले. आणि मी विंगेतून पहिल्या रांगेला ऐकू जाईल असा खणखणीत शब्द दिला, "आईसाहेब, महाराज शिकारीला गेले ते परतलेच नाहीत."

विंगेतल्या आवाजावर जगलेला नट तो. शब्द आला की उचलायचा, ही सवय त्याच्या हाडात मुरलेली. त्यानं उचलला. मी पुढचा दिला, तोही उचलला. अख्खं भाषण एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं धडाधडा बाहेर पडलं. मागे कुणीतरी हसलं. झुंबरबाईंचा हात आपोआप खाली आला.

निकालात आमचं नावही नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मेकअपरूममध्ये काका सगळ्यांसमोर ओरडला, "कुणी सांगिटलंतं गं तुला शब्द द्यायला?"

"प्रॉम्प्टरनं शब्द द्यायचा असतोय, काका," मी म्हणाले. "तुम्ही अब्बांना का दिला न्हाईसा?"

झुंबरबाई तोंडावरचा रंग पुसता पुसता थांबल्या. सगळे विजयसिंहाकडे बघत होते. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्यानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला नाही.