ओला कागद

टँकरची घागर दानम्मानं ओट्यावर टेकवली, तोच तिचा नवरा वीरण्णा परात घेऊन हजर.

"जरा पाणी दे. कागद भिजवायचेत."

"प्यायला न्हाई, अन् कागदाला पायजे?"

"कोरडा कागद शाई धरत न्हाई गं."

दानम्मानं पाणी ओतलं, पण जळफळतच. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नव्हता. जिल्ह्याच्या पहिल्या प्रदर्शनात आपलं चित्र लागावं, एवढंच या ड्रॉइंग मास्तराच्या डोक्यात. जस्ताच्या पत्र्यावर राळेची भुकटी पसरायची, पत्रा तापवायचा, तेजाबात बुडवायचा; तेजाब खाईल तिथंच पत्रा शाई धरतो. पिवळ्या, तांबड्या, निळ्या रंगाला तीन वेगळे पत्रे. मग शाई लावून पत्रा तळहातानं इतका हळुवार पुसायचा, की दानम्माला बघवत नसे. तिच्या पाठीवरून असा हात कधी फिरला होता? सवत असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

दुपारी त्यानं उसाच्या चरकासारखं छपाईचं यंत्र तिसऱ्यांदा फिरवलं आणि कागद अलगद सोलून काढला. न बघण्याचं ठरवूनही दानम्मा वाकली.

तांबडा माळ, पिवळं आभाळ, टँकरपुढं बायकांची रांग. पुढची जाडजूड बाई म्हणजे शेजारची केवळाबाईच, निळ्या लुगड्यात. तिच्यामागं पोचा पडलेली घागर घेऊन एक बाई. ती आपली घागर दानम्मानं लगेच ओळखली. बाई मात्र नखशिखांत पांढरी.

"केवळाबाईला निळं लुगडं, अन् मला पांढरं?" ती झटक्यात मागं सरली. "तुमी जिते असताना?"

वीरण्णा गोंधळला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तसं न्हाई गं. तो कोरा कागद हाय. तिन्ही पत्र्यांवर तेवढ्या जागेला वार्निश लावलं मी. समद्या माळाला तेजाब खाऊ दिलं. तुला लागू दिलं न्हाई."

दानम्मानं कपाळाच्या कुंकवाला बोट लावून ते चित्राकडं नेलं.

"अगं..." वीरण्णाचा हात पुढं आला. चित्राला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. पण हात तसाच थांबला.

तिनं त्या पांढऱ्या बाईच्या कपाळी बोट टेकवलं. कागद अजून ओला होता. त्यानं कुंकू लगेच धरलं.