चार शिंगांचा राऊटर

जावयाला काडीची अक्कल नाही, हे म्हाताऱ्या लाइनमनचं मत लग्नाच्या बोलणीतच ठरलं होतं. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून ज्याने घराघरात तारा पोचवल्या, त्याच्या नशिबी असला जावई यावा! बायको गेल्यावर तो मुलीकडे राहायला आला आणि मत आणखीच पक्कं झालं.

त्या दिवशी अकराला मुलीची मुलाखत होती, घरच्या कॉम्प्युटरवरूनच द्यायची. दोन वर्षं नोकरीवाचून बसली होती बिचारी. एवढी मिळाली तर गंगेत घोडं न्हाणार होतं. घरात मोबाईलला रेंज नावालाही नाही, सगळी भिस्त तारेच्या इंटरनेटवर. आणि नेमक्या त्याच सकाळी जावयाने नवा राऊटर आणला. चार शिंगांचा!

"आता बघा बाबा, कसं सुसाट पळतं ते!" असं म्हणत त्याने जुना राऊटर काढला आणि शेजारचा काळा डबाही उपटून कचऱ्यात टाकला. "एकाच कामाला दोन दोन डबे हवेत कशाला?"

अरे दीडशहाण्या, तो मोडेम आहे, म्हातारा मनात म्हणाला. बाहेरून इंटरनेट घरात आणतो तो मोडेम, आणि आलेलं खोल्याखोल्यांत वाटतो तो राऊटर. तू स्वयंपाक्याला हाकललंस आणि वाढप्याला नवा कोट शिवलास. आता वाढ, डोंबल!

जावयाची पाठ वळताच त्याने मोडेम कचऱ्यातून उचलला, रुमालाने पुसला आणि आपल्या कपाटात स्वेटरखाली ठेवला. जावईबापू हात जोडून विचारायला येतील तेव्हाच काढू. जिरू दे जरा.

दहा वाजले. राऊटरचे दिवे लखलखत होते, वायफायच्या काड्या पूर्ण होत्या, आणि इंटरनेटच्या नावाने बोंब. जावई तार या भोकातून काढून त्या भोकात घालत होता.

मुलगी म्हाताऱ्याच्या खोलीत आली. "बाबा, तुम्ही बघता का जरा? तुम्हाला तारांतलं कळतं."

"छे गं! आम्ही पडलो जुनी माणसं. जावईबापू आहेत ना हुशार!"

ती गेली. जावई काही येईना. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. म्हातारा पेपर तोंडासमोर धरून बसून राहिला. अकराला पाच कमी असताना बाहेरून मुलीचं रडणं ऐकू आलं आणि त्याने कपाट उघडलं. तो मोडेम घेऊन धावला.

भिंतीतली तार मोडेमला, मोडेममधून दुसरी तार राऊटरला. दोन मिनिटांचं काम. पण मोडेमने लाइन पकडेपर्यंत आणि नव्या राऊटरचं त्याच्याशी जमेपर्यंत सव्वाअकरा झाले. मुलीने घाईघाईने मुलाखतीचं पान उघडलं. तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं होतं.

"माझंच चुकलं," जावई मान खाली घालून म्हणाला. "मला वाटलं, दोन्ही एकच. बरं झालं बाबा, तुम्हाला तो सापडला तरी."

"म्हणे दोन्ही एकच! अरे, जराशी तरी..." म्हाताऱ्याने सुरुवात केली.

मुलीने मोडेमला चिकटलेला निळा लोकरीचा धागा ओढून काढला. कपाटातले ते स्वेटर तिनेच घड्या घालून ठेवले होते.

"त्यांना फरक माहीत नव्हता, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होता."