बसायचा दगड

"कुलूप कशाला?" इतिहासकाकांनी विचारलं.

"पावित्र्य," देवस्थान समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

विश्रांतीच्या दगडाभोवती रात्रीतून लोखंडी कठडा उगवला होता. कठड्याला दार होतं, दाराला कुलूप. दगड आत गुन्हेगारासारखा बसला होता.

गावात पाहण्यासारखं म्हणजे अरण्याच्या तोंडाशी असलेली तपस्व्याची गुहा, तिच्याखालचा झरा आणि चढाच्या मध्यावरचा हा दगड. तपस्वी खरंच होऊन गेला. पण तो मौनी. कुठून आला, का आला, कुणापाशीच बोलला नाही. त्यामुळे बोलायची जबाबदारी गावच्या वाटाड्यावर, म्हणजे काकांवर पडली. ती त्यांनी जन्मभर मनापासून पार पाडली. म्हणून तर नाव इतिहासकाका.

दगडाचा इतिहास मात्र त्यांच्या घरचा होता. लग्न झाल्यापासून काकू दुपारचा डबा घेऊन चढ चढायच्या, दम लागला की इथे टेकायच्या. तेवढा वेळ यात्रेकरूंना थोपवायला काहीतरी कारण हवं, म्हणून काकांनी ठोकून दिलं, "तपस्वी इथे बसत." पुढचं काम यात्रेकरूंनी केलं. दगडामुळे गुडघेदुखीला गुण येतो, हे तर काकांना त्यांच्याकडूनच कळलं.

"मग माझे कसे दुखतात? मी तर रोज बसते," काकूंनी एकदा विचारलं होतं.

"श्रद्धा नाही तुझी."

यात्रेकरू वर गेले की दोघं त्या दगडावर बसून जेवायची. दिवसभरात काका गप्प असायचे ते तेवढेच. आता काकूंचे गुडघे इतके धरले होते, की मध्ये टेकायला मिळालं नाही तर त्यांचं येणंच बंद.

काकांनी शेवटचा उपाय केला. खरं सांगितलं.

"अहो अध्यक्ष, तो दगड माझ्या बायकोचा आहे. तपस्व्याचं मी आपलं रचून सांगितलं."

अध्यक्ष पोट धरून हसले. "काका, थट्टेलाही मर्यादा असते. माझ्या आईचा गुडघा या दगडानं बरा झालाय."

खऱ्याची ही गत पाहून काका परत इतिहासाकडे वळले.

दुपारी यात्रेकरूंचा घोळका कठड्याशी जमला. अध्यक्षही आपला कठडा कसा दिसतो ते पाहायला उभे होते. तेवढ्यात खालून काकू आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं कठड्याची सळई घट्ट धरलेली. कुलूप पाहिलं, पण बोलायला दमच नव्हता.

"तर तपस्वी इथे बसले होते," काकांनी आवाज चढवला, "आणि खालून एक बाई आली. थकलेली, धापा टाकत. तपस्वी उठले आणि म्हणाले, 'बसा.'"

"मौनी होते ना?" चष्मेवाले एक गृहस्थ म्हणाले.

"हातानं म्हणाले. तेव्हापासून चढून आलेल्या थकल्या बाईला या दगडावर पहिला मान. ती उभी असताना जो पुढे जातो, त्याला गुहेत अंधारच दिसतो."

गुहेत अंधारच असतो. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे.

अध्यक्षांनी किल्ली काढली.

काकू आत जाऊन बसल्या. पदरानं तोंड पुसलं. घोळक्यातली एक बाई भीत भीत पुढे आली. "तुमच्या गुडघ्याला हात लावू का हो?"

"लावा की," काकू म्हणाल्या, "पण जरा दाबून लावा."

काकांनी घोळका गुहेकडे वळवला. अध्यक्ष उघडं कुलूप हातात घेऊन तसेच उभे होते. ते कुठे ठेवावं, त्यांना सुचत नव्हतं.

वळणावर काकांनी मागे पाहिलं. काकूंनी डबा अजून उघडला नव्हता. त्या दगडाच्या एका कडेला सरकून बसल्या होत्या, अर्धा दगड मोकळा ठेवून.