पालथा घातलेला गालिचा

मित्रांनो, मी एक जुना लोकरी गालिचा आहे. सध्या परक्या शहरातल्या एका श्रीमंत घरात भिंतीवर टांगलेला असतो. पाहुणे येतात, माझ्याकडे बघून मान डोलावतात आणि जेवणाच्या टेबलाकडे वळतात. माझी कहाणी ऐकायला त्यांना सवड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोड हवी असेल तर एखाद्या उशीला विचारा, तिचे आयुष्य मऊ गेले.

माझा जन्म कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या पेती-आन्स नावाच्या मासेमारांच्या गावात झाला. तिथे दोन गोष्टींना तोटा नव्हता, वारा आणि गोणपाट. वारा डोंगरावरून असा उतरायचा, की सकाळी उठल्यावर लोक आधी छप्पर जागेवर आहे का ते बघत. गोणपाट पिठाच्या आणि बटाट्याच्या पोत्यांचे. हिवाळ्यात समुद्र गोठला की पुरुष जाळी दुरुस्त करत बसत आणि बायका माळ्यावरच्या लाकडी चौकटी खाली काढत.

माझी आई ओझेली. प्लासीद नावाच्या मासेमाराची बायको. तिने एक पोते उसवले, धुतले आणि चौकटीवर ताणून शिवले. चौकट दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवली. लोकर घरच्याच चार मेंढ्यांची. ती कातरणे, धुणे, पिंजणे, चरख्यावर कातणे यात निम्मे वर्ष गेले होते. पिवळा रंग कांद्याच्या सालींचा, तपकिरी खडकावरच्या दगडफुलाचा. तांबडा मात्र प्लासीदची जुनी फ्लॅनेलची बंडी उकळून काढलेला. बंडी गेल्याचे त्याला फार दिवसांनी कळले आणि त्याने दोन दिवस तोंड फुगवले.

मग आकडीचे काम. आकडी म्हणजे लाकडी मुठीत बसवलेला, टोकाला वाकवलेला खिळा. डावा हात गोणपाटाखाली धागा धरून बसतो. उजवा हात आकडी भोकातून खाली घालतो, धागा पकडतो आणि वर ओढतो. वर लोकरीची इवलीशी कडी उभी राहते. मग शेजारच्या भोकात दुसरी, मग तिसरी. ना गाठ, ना टाका. चर्चच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्या बायकांसारख्या त्या एकमेकींना खेटून बसतात, म्हणूनच टिकतात. चांगला गालिचा ओळखायचा असेल तर डोळे मिटून त्यावर तळहात फिरवा. हाताला कुठे खड्डा लागता कामा नये, कुठे उंचवटा लागता कामा नये. माझ्यावरून तुमचा हात ताज्या लोण्यावरून फिरावा तसा फिरेल. हे मी फुशारकीने सांगत नाही. केले तिने, मी नुसता पडून होतो.

ओझेली एरवी स्वतःच्या मनाने काही करत नसे. मिसेस हॅडली नावाच्या एक अमेरिकन बाई दर उन्हाळ्यात गावात येत. त्या कागदावर नक्षी काढून देत, घरोघरी बायका ती गोणपाटावर उतरवत आणि झालेले गालिचे बाई विकायला घेऊन जात. नक्षी कायम एकच, करड्या पानांत करडे गुलाब. पेती-आन्समध्ये गुलाबाचे एक झाड नव्हते, पण बायका झोपेतही गुलाब काढू शकत. मी एकटाच निराळा. चुलीतल्या कोळशाने ओझेलीने माझ्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी खाडी काढली. तीन होड्या, मासे वाळवायचे मांडव, आणि शरद ऋतूत सूर्य बुडताना क्षणभर दिसतो तसा तांबडाभडक समुद्र.

प्लासीद चौकटीशेजारी उभा राहून म्हणाला, "चाळीस वर्षं समुद्रावर जातोय, असा तांबडा समुद्र बापजन्मात पाहिला नाही."

"तू मासे बघतोस," ओझेली वर न बघता म्हणाली. "समुद्र कुठे बघतोस?"

"आणि ही तिसरी होडी वाकडी का?"

"तुझी आहे म्हणून."

कोपऱ्यात तिने नाव घातले नाही. आमच्याकडे ज्यावर पाय पडणार, त्यावर नाव घालत नाहीत. माणसाचे नाव तुडवणे बरे नव्हे, असे म्हणतात. ही रीत कुणी काढली देव जाणे, पण पायाखाली अंथरायच्या वस्तू फक्त बायकाच करत होत्या, एवढे मी सांगू शकतो.

आता दुसरी रीत ऐका. चांगला गालिचा वापरायचा नसतो, जपायचा असतो. म्हणून सोमवार ते शनिवार सगळे गालिचे पालथे. रविवारी, सणाला किंवा पाद्रीबाबा आले तरच सुलटे. मी तर घरातला सर्वात चांगला. मला पुढच्या बंद खोलीत ठेवले आणि तिथेही पालथे घातले. नाताळ सोडला तर वर्षातून एखाद्या वेळी मला उजेड दिसे. पाद्रीबाबांनी एकदा ओले बूट माझ्या कडेला ठेवून "छान" म्हटले होते. नऊ वर्षांतले माझे सगळे कौतुक ते तेवढेच. एरवी मी जमिनीच्या फळ्यांचा वास घेत पडून असायचो. ओझेलीची मुलगी ल्यूस माझ्या जन्माच्या वेळी अकरा वर्षांची होती. ती विशीची झाली, पण माझी तिला पाठच ओळखीची, आणि गोणपाटाच्या पाठी सगळ्या सारख्याच दिसतात.

त्या वर्षी मात्र माझे दिवस फिरतील असे वाटले. आदल्या शरद ऋतूत परत जाताना मिसेस हॅडली ओझेलीला म्हणाल्या होत्या, "स्वतःच्या नक्षीचं काही असेल तर पुढच्या वेळी दाखव. आवडलं तर तुझीच नक्षी घेऊ, आणि तुझं नाव सांगून विकू." ओझेली हे कुणाशी बोलली नाही. फक्त आठ महिने ती करडे गुलाब काढताना गुणगुणत होती.

जूनमध्ये बाई आल्याचा निरोप आला. शुक्रवारी त्या घरी येणार होत्या. बुधवारी ओझेलीने मला बंद खोलीतून काढले. दमट वास जावा म्हणून स्वयंपाकघरात चुलीपाशी घातले. रोजचा गालिचा कुंपणावर वाळत टाकला. आणि मला कसे घातले असेल? पालथे. दोन दिवस आणखी जपायचे होते ना! मग ती पाणी आणायला आणि तिथून आजारी नणंदेकडे गेली.

ल्यूस शेवंडी, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला होती. त्या दिवशी ती सुट्टी घेऊन घरी आली होती. शरद ऋतूत तिचे लग्न ठरले होते, आणि आपण गेल्यावर आई एकटीच गुडघ्यांवर बसून या फळ्या घासणार, हे तिच्या मनाला टोचत होते. तेवढ्यात दारात फेरीवाल्याची गाडी थांबली. गाडीत जमिनीवर अंथरायच्या मेणकापडाच्या गुंडाळ्या होत्या. चकचकीत, वर छापील फुले.

"जुना गालिचा द्या, नवंकोरं मेणकापड घ्या," फेरीवाला म्हणाला. "ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. घासायला नको, रडायला नको."

"खरंच घासावं लागत नाही? आईचे गुडघे सुजतात हो."

"आईला सुख द्यायचं वय आहे तुझं, पोरी. हा चालेल मला, चुलीपाशी पडलाय तो."

ल्यूसला मी रोजचाच गालिचा वाटलो. त्याने बुटाच्या टोकाने माझा कोपरा उचलला. त्याचे डोळे मी पाहिले. क्षणभर ते थबकले. मग त्याने कोपरा हळूच खाली सोडला.

"जुनाट आहे," तो म्हणाला. "पण तुझ्या आईसाठी म्हणून घेतो."

आणि माझे तोंड आत ठेवून त्याने मला गुंडाळले. ल्यूसला इतका आनंद झाला, की तिने त्याला चहा आणि काकवी लावलेला पाव दिला. मुलगी वाईट नव्हती हो. लबाडाने फसवावे ते भल्या माणसालाच, नाहीतर धंदा कसा चालायचा?

संध्याकाळी बंदरावरच्या खाणावळीत फेरीवाल्याने मला उलगडले. त्या खाणावळीत उतरलेल्या पाहुणीचे नाव मिसेस हॅडली. बाई माझ्यापुढे गुडघे टेकून बसल्या. इतका वेळ कुणी माझ्याकडे पाहिले नव्हते. "कुणी केलाय हा?" त्यांनी विचारले.

फेरीवाल्याला आपल्या मालाची विहीर दुसऱ्याला दाखवायची नव्हती. "पलीकडच्या किनाऱ्यावरची एक म्हातारी होती," तो म्हणाला. "मेली बिचारी. मागे कुणी नाही."

एका दमात त्याने माझ्या आईला मारले आणि निपुत्रिकही केले.

आता पेती-आन्सची आणखी एक खोड सांगतो, नाहीतर पुढचे तुम्हाला पटायचे नाही. तिथे माणसाच्या हातून वेडेपणा झाला की त्याला नाव पडते, आणि ते नाव तीन पिढ्या सुटत नाही. एका बाईने पाद्रीबाबांच्या केकमध्ये साखरेऐवजी मीठ घातले होते. ती मरून साठ वर्षे झाली, तरी तिच्या पणत्यांना गाव अजून 'मीठवाल्या' म्हणते. आईचा सर्वात चांगला गालिचा मेणकापडावर घालवणाऱ्या मुलीला काय नाव पडले असते, ते तुम्हीच ठरवा.

बाईंनी मला खाणावळीतच विकत घेतले होते. शुक्रवारी त्यांनी मला काखोटीला मारले आणि त्या ओझेलीच्या घरी आल्या. गुंडाळीतूनच मी माझे स्वयंपाकघर ओळखले. पण घरात आणखी कुणीतरी होते. ल्यूसची होणारी सासू व्हेनेरांद लग्नाची तारीख पक्की करायला शेजारच्या गावाहून आली होती.

"काय विहीणबाई, राजवाडाच केलात की!" व्हेनेरांद म्हणत होती. "या फुलांवर पाय ठेवायचा, की उचलून धरायचा?"

"ठेवा हो," ओझेलीचा आवाज आला. "तुमच्या सुनेनं आणलंय. स्वतःच्या कमाईतून."

ल्यूसने नाक ओढल्याचा आवाज आला. घरात काय रडारड झाली असेल, ती मी ऐकली नव्हती. पण त्या आवाजावरून मला समजले.

मिसेस हॅडली तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाल्या, "ओझेली, तू तुझं काम दाखवणार होतीस ना?"

कपबशी उचलल्याचा आवाज आला.

"नाही जमलं, बाई. नुसतंच बोलले मी."

"हरकत नाही. हात तुझा चांगलाच आहे. नक्षी सुचणं ही निराळी गोष्ट." असे म्हणून बाईंनी मला मेणकापडावर उलगडले.

ओझेलीने हातातली कपबशी खाली ठेवली. ल्यूसने मला जन्मभरात जेमतेम नऊ-दहा वेळा पाहिले असेल, पण तिने ओळखले. "आई..."

"ल्यूस, चुलीवरचं दूध बघ," ओझेली म्हणाली.

व्हेनेरांद वाकून पाहत होती. "अगं बाई, तांबडा समुद्र! करणारी आंधळी होती की काय?"

"तेवढं बदलायचं," मिसेस हॅडली म्हणाल्या. "मला असे पाच हवेत, पण समुद्र फिका निळा. तांबडा आमच्याकडच्या दिवाणखान्यात शोभायचा नाही. बाकी सुंदर आहे. बिचारीला कुणी विचारलं नसेल."

ओझेली खाली बसली. तिने डोळे मिटले आणि तळहात माझ्यावरून सावकाश फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. एक शब्द, मित्रांनो. 'माझा' एवढाच शब्द ती बोलली असती, तर मी घरी आलो असतो. पण तिच्या पाठीमागे ल्यूस दुधाकडे बघत उभी होती, आणि समोर विहीण.

"कड्या सारख्या आहेत," ओझेली म्हणाली. "कोण होती ही?"

"पलीकडची कुणी म्हातारी. वारली."

ओझेलीने कपाळाला आणि छातीला हात लावून क्रूस काढला. "देव तिच्या आत्म्याला शांती देवो."

"आमेन," व्हेनेरांद म्हणाली आणि चहा मागितला.

बाईंनी नमुना म्हणून मला तिथेच ठेवले. हिवाळाभर मी चौकटीशेजारच्या भिंतीला टेकून होतो, सुलटा, समोरून उजेड घेत. नऊ वर्षांत मिळाला नव्हता तेवढा उजेड मला त्या हिवाळ्यात मिळाला. समोर ओझेली माझ्याकडे बघून माझीच खाडी काढत होती आणि समुद्राच्या जागी फिका निळा धागा ओढत होती. लग्न झालेली ल्यूस एकदा माहेरी आली, तेव्हा तिला ते बघवेना.

"आई, मी बाईंना पत्र लिहिते. सगळं सांगते. पडू दे मला नाव पडायचं ते."

"गप बस," ओझेली म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होते. "मेलेल्या बाईला उठवू नये. तिला काही सुचत नाही आता."

पाच गालिचे झाले. बाई आल्या आणि त्या गालिच्यांबरोबर मलाही घेऊन गेल्या.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी वस्तू हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला जपण्यात कुणीच कसूर केली नव्हती. मी म्हणतो, चांगली वस्तू बाहेर काढा, रोज सुलटी घाला, झिजली तर झिजू द्या. घरातल्या मुलांना ती तोंडओळखीने माहीत असू द्या. आणि कुणाचा हात चांगला वाटला, तर ते त्याच्यासमोर बोला, आजच बोला.

ओझेली त्यानंतर सव्वीस वर्षे जगली. दर हिवाळ्यात तिने चौकट मांडली. स्वतःची नक्षी तिने पुन्हा एकदाही काढली नाही.